आधी कम्युनियन, मग न्याहारी

आत्म्याचे अन्न आधी आणि शरीराचे नंतर, हा ख्रिस्ती जीवनातला क्रम कॅथलिक ख्रिस्तसभेने एका रोजच्या नियमात बसवला आहे: कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनाविधीत मिळणारा ख्रिस्तप्रसाद, उपाशीपोटी घ्यायचे. ही प्रथा जुनी आहे. इ. स. 400 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी एका पत्रात लिहिले की, ती जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळली जाते. पुढे नियम कडक झाला. मध्यरात्रीपासून अन्न वर्ज्य आणि पाण्याचा घोटही वर्ज्य.

या नियमाने सगळी सकाळ बांधली गेली. मिस्सा सकाळीच व्हायची, चूल त्यानंतर. ज्यांना लांबून चालत यावे लागे किंवा रात्रपाळी करावी लागे, त्यांना इच्छा असूनही कम्युनियन घेणे अवघड जाई. पोप बारावे पायस यांनी 1953 मध्ये पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली. 1957 मध्ये जेवणाची मर्यादा तीन तासांवर आली, 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. 1983 च्या धर्मसंहितेत हाच एक तास आहे. पाणी आणि औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तासाचेही बंधन नाही.

ही सवलत म्हणजे श्रद्धेची घसरण, असा आक्षेप जुन्या वळणाचे लोक घेतात. त्यात तथ्य आहे. हा तास मिस्सा सुरू होईपर्यंतचा नसून कम्युनियनपर्यंतचा असतो. त्यामुळे रविवारी गाडीत सँडविच खात चर्चच्या दारापर्यंत आलेला माणूसही नियमात बसू शकतो. नियम पाळला जातो, पण भूक जाणवतच नाही आणि आधी काय, नंतर काय, हा प्रश्नही मनात येत नाही.

तरीही सवलतीची दिशा योग्यच आहे. शुश्रूषा करणाऱ्यालाही सूट देणारा कायदा हा क्रम नेमका कोणासाठी आहे ते सांगतो. तो स्वतःच्या पोटापुरता आहे, दुसऱ्याच्या पोटाला लावायचा नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित प्रार्थना आणि वचनाची सेवा स्वतःकडे ठेवतात. पण विधवांची रोजच्या अन्नवाटपात आबाळ होऊ नये म्हणून त्या कामासाठी सात माणसे नेमतात. उघड्या-उपाशी भावंडाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण त्यांचे काम याच वाटेचे. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-विधवांना त्यांनी आसरा दिला. त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. स्वतः प्रार्थनेत तासन्‌तास घालवणाऱ्या या बाईंनी त्या मुलींच्या अन्नवस्त्राची सोय प्रार्थनेवर ढकलली नाही.

म्हणून तासाचा हिशेब कायद्यापुरता ठेवावा. ज्याची प्रकृती धडधाकट आहे त्याने रविवारची न्याहारी मिस्सेनंतरच घ्यावी. घरात कोणी आजारी असेल, तर मात्र त्याची पेज आधी करावी आणि मगच चर्चला निघावे.