पाटी नसलेली मोटार

पेढीच्या गोदामात एखादी जुनी विजेची मोटार वर्षानुवर्षे पडून असते. कधीकाळी ती गिरणीला किंवा विहिरीवरच्या पंपाला जोडलेली असावी. आता तिची पाटी गळून गेली आहे आणि तिची हकीकत जाणणारे वडीलधारेही उरलेले नाहीत. वहीत घसाऱ्यानंतर तिची किंमत नाममात्र राहते (दरसाल १५ टक्के वजा केले तरी आकडा शून्यावर येत नाही, ही गंमत मुनीमजीच जाणतात) आणि भंगारवाला तिला वजनावर तोलतो. ती कामाची आहे की नाही, हे या दोन्ही भावांवरून कळत नाही.

प्रथम शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. खरखर लागली तर बेअरिंग बदलावे लागेल. हा खर्च थोडा असतो. मग सर्व जोडण्या सोडवून मल्टिमीटरने तारांचा रोध मोजावा. तीन टोके असून कोणत्याही दोहोंमधील रोध सारखाच भरला, तर मोटार बहुधा थ्री फेज आहे. तिन्ही मापे निरनिराळी आली आणि सर्वांत मोठे माप उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतके भरले, तर ती सिंगल फेज समजावी. अंगावर कपॅसिटरची डबी असल्यास शंका आणखी कमी होते. दुकानात सिंगल फेजचाच जोड असेल, तर थ्री फेज मोटारीचा मोह टाळलेला बरा. कपॅसिटर लावून ती फिरते, परंतु तिची ताकद बरीच घटते.

आकारावरूनही बरेच कळते. मेट्रिक मापाच्या मोटारीत पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची म्हणजेच फ्रेमचा क्रमांक. उंची ९० मिलिमीटर, शाफ्ट २४ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला सुमारे १४४० फेरे असेल, तर ती साधारणतः दीड ते दोन अश्वशक्तीची असते. इंचाच्या मापाच्या जुन्या मोटारींना हा हिशेब लागू पडत नाही.

वीज जोडण्यापूर्वी मात्र परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि सांगाडा यांमधील इन्सुलेशन तपासून घ्यावे. ते एक मेगओहमहून कमी भरले, तर मोटार सुरू करू नये. ओल धरलेली मोटार सुकवून पुन्हा तपासता येते. यंत्रावर दिवसभर हात ठेवून उभा राहणारा माणूस बहुधा मालक नसतो, पगारी कामगार असतो. जयणा पाळणाऱ्या घराने अर्थिंगच्या तारेत आणि पट्ट्यावरच्या जाळीत काटकसर करणे अशोभनीय आहे.

ड्रिल मशीनसाठी १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर तीन इंची आणि यंत्रावर सहा इंची पुली बसविली, की वेग ७२० वर येतो. सहाणेचे चाक बसवायचे असेल, तर चाकावर छापलेला कमाल वेग मोटारीच्या वेगाहून अधिक आहे ना, हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नये; अतिवेगाने चाक फुटते.

वाइंडिंग जळालेले असेल, तर भंगाराचा भाव घेणेच बहुधा शहाणपणाचे. दिवसभर चालणाऱ्या यंत्रालाही जुनी मोटार परवडेलच असे नाही, कारण वाचलेले पैसे वीजबिलात जातात. तासाभराच्या कामाला ती उत्तम. तपासणीत उतरलेल्या मोटारीवर पत्र्याची नवी पाटी ठोकून फेज, वेग, अंदाजे अश्वशक्ती आणि तपासणीची तारीख ऑइलपेंटने लिहून ठेवावी.