साप घ्यावा, पण रंगावर भुलू नये

आयर्लंडच्या रानात देशी साप एकही नाही. पण डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागातल्या घरात पाळीव साप ठेवायला मज्जाव नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला साप घरात ठेवता येत नाही. तेव्हा नागपंचमीला पाटावरचा नाग पाहिलेल्या आपल्या मुलांनी येथे कॉर्न स्नेकचा हट्ट धरला, तर नवल नाही.

हा साप मूळचा अमेरिकेचा, बिनविषारी, स्वभावाने गरीब. रंग नारिंगी-तांबडा. त्यातले काळे द्रव्य आनुवंशिक कारणाने नाहीसे झाले की तो लालभडक दिसतो. तांबडेही गेले की पांढरा-गुलाबी, म्हणजे ‘स्नो’. हे दोन्ही गुण दडलेली जोडी एकत्र आणली, तर सरासरी सोळा पिलांत एक ‘स्नो’ निघते. म्हणून नात्यातलीच जोडी पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह होतो.

येथेच धोका आहे. ‘सनकिस्ड’ नावाच्या रंगाच्या वंशात ‘स्टारगेझर’ हा दोष आढळला. असा साप मान आभाळाकडे वळवतो, तोल सांभाळू शकत नाही. दोष एकाच पालकाकडून आलेले पिलू मात्र धडधाकट दिसते आणि पुढच्या पिढीला तो देऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: रंग विचारण्याआधी आईबाप विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर परत फिरा. हा जीव वीस वर्षेही जगतो. हौस त्याहून आधी फिटता कामा नये.