शब्दावाचून कोणाचे अडते?

"गाण्यात शब्दच नाहीत, तर अर्थ कसला?" परदेशी वाद्यवृंदांच्या जलशांना जाणाऱ्या तरुणांस हा प्रश्न आमच्या निफाडात घरोघर ऐकावा लागतो. तिकिटाला पैसे मोजून मुलगा पुण्या-मुंबईस जातो आणि तेथे बहुधा कोणी एक ओळही गात नाही, हे कळल्यावर वडीलधाऱ्यांस हसू आवरत नाही. हे हसू अज्ञानमूलक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या संगीतप्रकाराविषयी हा वाद आहे, त्यास 'पोस्ट-रॉक' हे नाव 1994 साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने दिले. ग्लासगो येथे 1995 साली निघालेला 'मोग्वाय' हा त्यातील एक प्रमुख वृंद. 2015 साली तो पुण्याच्या 'एनएच7 वीकएंडर' महोत्सवात वाजवून गेला. त्याच्या 1997 च्या पहिल्या ध्वनिमुद्रित संग्रहाची अखेर 16 मिनिटांच्या एका रचनेने होते. लहानसा स्वरसमूह पुनःपुन्हा येतो, चढतो, गर्जतो, शमतो, आणि पुन्हा उठतो. आलाप, जोड, झाला हा क्रम ज्यांच्या कानांत मुरला आहे, त्यांनी तरी यास निरर्थक म्हणू नये. येथे राग नाही, हे आम्ही जाणतो, आणि दोहोंस एक लेखण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु स्वर हळूहळू उलगडू देण्याचा धीर दोन्हीकडे सारखाच लागतो.

कोणी म्हणेल, हा तर निव्वळ गोंगाट! आवाज मोठा असतो, हे खरे. पण तो शांततेतून वाढत आलेला असतो. वरातीतील डीजे पहिल्या क्षणापासून कानठळ्या बसवितो, तो मात्र या टीकाकारांस खुशाल चालतो. मग आक्षेप आवाजास आहे की अनोळखीपणास?

आणि शब्दांचाच हट्ट असेल, तर सनईस कोणते शब्द असतात? 1947 साली स्वातंत्र्याच्या मंगल प्रसंगी बिस्मिल्ला खाँ यांनी लाल किल्ल्यावर सनई वाजविली, तेव्हा अर्थ कोणी विचारला नाही. मात्र आज सनईवाल्यास मांडवाच्या कोपऱ्यात बसवून आम्ही मानपानाच्या गप्पांत रंगतो. त्याने काय वाजविले, हे दुसऱ्या दिवशी कोणासही सांगता येत नाही. दोन तास उभे राहून निमूटपणे ऐकणारा तो मुलगा आमच्यापेक्षा चांगला श्रोता नव्हे काय?

1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कमधील बांगलादेश साहाय्यार्थ जलशात रविशंकर आदी कलावंत वाद्ये जुळवीत असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. ही गोष्ट आम्ही हसत हसत सांगतो. पण त्या अजाण श्रोत्यांनी पुढचे वादनही मन लावून ऐकले, एवढे सांगावयाचे विसरतो. संगीत न कळणे हा अपराध नव्हे. ऐकण्यापूर्वीच निकाल देणे हा अपराध होय.

न्यायमूर्ती रानडे 1842 साली याच निफाडात जन्मले. परक्याचे चांगले ते पारखून घ्यावे आणि आपले चांगले ते टाकू नये, हा त्यांचा बाणा होता. त्यांचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या गावाने मुलांची थट्टा सोडून वर्षातून एक सायंकाळ केवळ वाद्यांसाठी राखावी: प्रथम सनई, मग मुलांच्या आवडीचा एखादा वृंद. भाषण नको, सत्कार नको, निवेदन नको. श्रोत्यांनी केवळ गप्प बसावे, एवढीच अट.