दोन ग्राफिक्स कार्ड, एक कॅबिनेट आणि नागपूरचा मे महिना

रात्री साडेबाराला फोन वाजला. नागपूरचा मावसभाऊ. "दादा, वरचं कार्ड काऊन एवढं तापून राहिलं? हॉटस्पॉट १०४ दाखवतंय. आणि आई म्हणते, हे विमान रात्रभर उडणार आहे का?"

पार्श्वभूमी सांगतो. हा पठ्ठ्या आर्किटेक्ट लोकांना इमारतींचे थ्रीडी व्हिडिओ बनवून देतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो. मावशीने एक छोटी एफडी मोडून दिली आणि त्यातून त्याने दोन सेकंड हँड आरटीएक्स ३०९० घेतली. क्लायंटचा अ‍ॅडव्हान्स खिशात, तीन दिवसांनी डिलिव्हरी, बाहेर ४४ अंश. सेकंड हँड कार्डांना वॉरंटी नाही. एक जरी गेलं तरी व्हिडिओ अडकणार आणि एफडीही गेल्यात जमा.

तुम्ही म्हणाल, दोन ग्राफिक्स कार्ड? हा प्रकार तर कधीच संपला ना? गेमिंगपुरता संपला, हे खरं आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो मागच्या दाराने परत आलाय. येताना जुनी डोकेदुखीही घेऊन आलाय: उष्णता आणि आवाज. आणि यावेळी ती आधीपेक्षा मोठी आहे.

संपलेलं परत का आलं?

थोडा इतिहास, पटकन. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ ची दोन कार्डं जोडून गेम पळवता यायचे. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हे नाव पुन्हा वापरात आणलं, पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. बहुतेक वेळा युक्ती अशी असायची की एक फ्रेम पहिलं कार्ड काढणार, पुढची फ्रेम दुसरं. कागदावर दुप्पट वेग, प्रत्यक्षात बारीक बारीक झटके.

मग गेमच बदलले. आजचे गेम आणि डीएलएसएससारखी तंत्रं प्रत्येक नवीन फ्रेमसाठी आधीच्या फ्रेमची माहिती वापरतात. आधीची फ्रेम दुसऱ्याच कार्डात असेल तर ती सतत इकडून तिकडे पाठवायची, आणि त्यातच सगळा फायदा संपतो. २०२१ च्या सुरुवातीपासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. ३०९० ची पिढी ही दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंकचा सांधा असलेली गेमिंग कार्डांची शेवटची पिढी. २०२२ च्या ४०९० वर तो नाहीच.

मग आता दोन कार्डं कोण लावतंय? एक, ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करणारे. तिथे एसएलआय लागतच नाही, काम दोन्ही कार्डांत वाटलं जातं. (फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. २४ आणि २४ मिळून आपोआप ४८ होत नाहीत.) दोन, घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणारे. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं तरी साधारण ४० जीबी मेमरी मागतं. एका गेमिंग कार्डात ती नाही, दोन ३०९० मध्ये आहे, कारण इथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात. तीन, लॉसलेस स्केलिंग वापरणारे गेमर. मोठं कार्ड गेम चालवतं, जुनं छोटं कार्ड मधल्या फ्रेम बनवतं.

कंपन्यांनाही हे दिसतंय. २०२५ च्या कॉम्प्युटेक्समध्ये मॅक्ससनने इंटेलच्या दोन आर्क प्रो बी६० चिप एकाच कार्डावर बसवून दाखवल्या, एकूण ४८ जीबी. त्या कार्डाचा पंखा मुद्दाम जुन्या 'ब्लोअर' पद्धतीचा आहे. मुद्दाम का, ते पुढे येतंच.

खरी अडचण मधल्या फटीत आहे

तुमच्या फोनवर बीजीएमआय खेळताना फोन गरम होतो आणि फ्रेम पडायला लागतात, बरोबर? चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. पीसीत नेमकं हेच होतं. फरक एवढाच की फोनमधली चिप जेमतेम काही वॅट खाते आणि एक ३०९० खातं ३५० वॅट. दोन म्हणजे ७००. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ७०० वॅटचा पीसी म्हणजे ७०० वॅटचा हीटर, यात काही सूट नाही.

आता कार्डाचा आकार बघा. आजच्या बहुतेक कार्डांना दोन-तीन उघडे पंखे असतात. ते हवा खालून ओढतात आणि गरम हवा कॅबिनेटमध्येच चारी बाजूंना सोडतात. एकटं कार्ड असेल तर ही पद्धत उत्तम आणि शांत. दोन असली की वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीवर टेकल्यासारखे बसतात. मधे फट जेमतेम बोटभर, आणि त्या फटीतून मिळते ती खालच्याने तापवलेली हवा. ३०९० मध्ये तर आणखी एक गंमत आहे: त्याच्या २४ मेमरी चिपपैकी निम्म्या कार्डाच्या पाठीमागे आहेत. म्हणजे खालच्या कार्डाची पाठ स्वतःच तवा, आणि वरचं कार्ड त्या तव्यावरून श्वास घेतंय.

भावाच्या पीसीत वरचं कार्ड ८६ वर होतं, खालचं ६९ वर. एवढा फरक दिसला की समजायचं, दोष कार्डात नाही, जागेत आहे.

ब्लोअर पंखा इथे वेगळा वागतो. तो एका टोकाला हवा ओढतो आणि कार्डाच्या लांबीतून ढकलत कॅबिनेटच्या मागून थेट बाहेर फेकतो. शेजारच्याला त्रास नाही. म्हणून अनेक कार्डं असलेल्या वर्कस्टेशनमध्ये बहुधा तोच असतो. पण आवाज हेअर ड्रायरसारखा. हॉलमध्ये पीसी असलेल्या घरात तो चालणार नाही.

आधी वीज कमी करा, मग पंखे विकत घ्या

इथे माझं मत बहुतेक यूट्यूब व्हिडिओंपेक्षा वेगळं आहे. तिथे सल्ला सुरू होतो तो चमकणाऱ्या पंख्यांच्या सेटपासून. मी भावाला पहिली गोष्ट सांगितली ती फुकटची: एमएसआय आफ्टरबर्नर उघड, पॉवर लिमिट ७७ टक्के कर. म्हणजे प्रत्येक कार्डाला साधारण २७० वॅट. तो घाबरला. डिलिव्हरी तोंडावर आणि दादा स्पीड कमी करायला सांगतोय!

एका फ्रेमला ९४ सेकंद लागत होते, ते १०१ झाले. बास. चौथा हिस्सा वीज वाचली, वेग गेला सात टक्के. कारण कंपन्या कार्ड विकताना शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी भरमसाठ व्होल्टेज देतात, आणि व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या शेवटच्या टोकावर तुम्ही वीज जाळता, काम फारसं होत नाही. एआय मॉडेलशी गप्पा मारणाऱ्यांसाठी तर हा उपाय आणखी स्वस्त, कारण तिथे उत्तर तयार होण्याचा वेग बराचसा मेमरीच्या वेगावर ठरतो. शिवाय थर वाटलेले असले की दोन कार्डं आळीपाळीने काम करतात, दोन्ही एकदम तापत नाहीत. रेंडरिंगमध्ये मात्र दोन्ही पूर्ण जोरात.

आता हवेचा हिशोब. ७०० वॅट बाहेर काढायचे आणि हवा फक्त १० अंश तापू द्यायची, तर मिनिटाला सुमारे १२० घनफूट हवा कॅबिनेटमधून जायला हवी. ५४० वॅटला ९५ च्या आसपास पुरते. १२० मिमीच्या पंख्यावर ५०-६० घनफूट लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेत. समोर जाळी, फिल्टर आणि धूळ आली की आकडा बराच खाली येतो. आणि समोर अख्खी काच असलेलं कॅबिनेट असेल तर विसराच. दिसायला झकास, पण नाक दाबून पळायला लावल्यासारखं. भावाचं तसंच होतं. मी म्हटलं, पुढची काच काढ आणि कपाटावर ठेव. तीन अंश तिथेच कमी झाले.

आवाजाचं गणित मला स्वतःला नेहमी मजेशीर वाटतं. सारख्या आवाजाचं दुसरं कार्ड लावलं की आवाज ३ डेसिबलने वाढतो. पण पंख्यांचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की साधारण ५ डेसिबल कमी होतात. म्हणजे एक कार्ड काढून टाकण्यापेक्षा दोन्हींचे पंखे थोडे हळू फिरवणं जास्त शांत! अर्थात पंखे हळू फिरवायचे तर आधी उष्णता कमी हवी, म्हणून पुन्हा पॉवर लिमिट. आणखी एक: पंख्याचा वेग सारखा वर-खाली होत राहिला तर तो सतत चालणाऱ्या आवाजापेक्षा जास्त डोक्यात जातो. आफ्टरबर्नरमध्ये फॅन कर्व्ह सरळ आणि सावकाश चढणारा ठेवा, हिस्टेरेसिस चार-पाच अंश द्या. मावशीची झोप मोडत होती ती याच वर-खाली होण्याने.

दुसऱ्या दिवशी भावाने सीताबर्डीतून रायझर केबल आणली आणि खालचं कार्ड उभं करून पुढच्या पंख्यांसमोर बसवलं. कार्डांमधली फट वीतभर झाली. पण स्क्रीन काळी! पुन्हा फोन, आवाज रडवेला. केबल पीसीआयई जेन ३ ची, स्लॉट जेन ४ चा. बायोसमध्ये तो स्लॉट जेन ३ वर सेट केला आणि चित्र आलं. रेंडरिंगला याने काही फरक पडत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण अशावेळी लोक कार्डच गेलं समजून दुकानात धावतात.

एक गोष्ट मी त्याला करू दिली नाही: कार्ड उघडून थर्मल पॅड बदलणं. मी स्वतः एकदा केलंय ते. दीड मिमीच्या जागी दोन मिमीचे पॅड लावले. मेमरी थंड झाली, पण हीटसिंक अर्धा मिमी वर उचलला गेला आणि मुख्य चिपला नीट टेकेना. कार्ड दोन मिनिटांत बंद. नशीब म्हणून वाचलं. जुन्या कार्डांत पॅड सुकलेले असू शकतात हे खरं, पण जाडी नेमकी माहीत असल्याशिवाय आणि हातात वेळ असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री तर नाहीच.

कूलर, बोर्ड आणि खिडकी

कॅबिनेटमधली हवा कितीही खेळती ठेवा, कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली पाच अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. परदेशी रिव्ह्यू बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. त्यातले आकडे बघून नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात कार्ड घेणाऱ्याने वर पंधरा अंश धरूनच चालावं.

एसी असेल तरी फुकट नाही. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. ९०० वॅटचा पीसी त्यातला पाव टन एकटा खातो. रोज चार तास चालवला तर पीसीचीच महिन्याला १०८ युनिट झाली, एसीची वेगळी.

विदर्भात मात्र घरोघरी कूलर. कोरड्या हवेत तो हवा दहा-पंधरा अंश सहज खाली आणतो, पीसीला ते चांगलंच आहे. "पण दमट हवेने शॉर्ट होईल ना?" भावाचा प्रश्न. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्याच्यावर दव साचत नाही. धोका वेगळा आहे: थेट झोतात येणारे पाण्याचे बारीक थेंब. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते बोर्डावर सुकतात आणि धुळीचा चिखल बनवतात. म्हणून पीसी कूलरच्या झोतात नको, बाजूला हवा. आणि समोरची खिडकी उघडी पाहिजे. भावाने पीसीची पाठ खिडकीकडे फिरवली. कूलरची हवा जाता जाता पीसीची उष्णता घेऊन बाहेर.

शेवटचा मुद्दा विजेचा, आणि यात चालढकल नको. आपल्या घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. दोन ३०९०, प्रोसेसर, मॉनिटर मिळून ते कसंबसं बसतं. पण त्याच एक्स्टेंशन बोर्डावर कूलर आणि फोनचा चार्जर लावला असेल तर? भावाने लावला होता. बोर्ड हाताला कोमट लागत होता. उद्या कुणी दोन आरटीएक्स ५०९० लावायचं म्हणेल, तर एकेक ५७५ वॅटचं आहे. तिथे गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंटच हवा, आणि वायरिंग जुनं असेल तर आधी इलेक्ट्रिशियन. एसएमपीएसवरून कार्डाच्या प्रत्येक आठ पिनच्या सॉकेटला स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन टोकं नकोत. ३०९० क्षणभरासाठी ३५० च्या बऱ्याच वर उडी मारतं.

तिसऱ्या रात्री वरचं कार्ड ७३, खालचं ६८, हॉटस्पॉट ८७. व्हिडिओ पहाटे चारला संपला आणि सकाळी गेला. नवाच्या सुमारास मावशीचा फोन: "रात्री वीज गेली होती का रे? काहीच आवाज नाही आला."