कुलूपबंद कपाटाचे अर्थकारण

शाळेत ग्रंथालय आहे काय, या प्रश्नाला सरकारी तक्त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येते. २०२१-२२ च्या ‘यू-डायस’ अहवालानुसार देशातील ८७.३ टक्के शाळांचे उत्तर ‘होय’ असे होते. आकडा समाधान वाटावे असाच आहे; परंतु ज्या रकान्यातून तो आला त्याचे शीर्षक नीट वाचले म्हणजे हे समाधान ओसरू लागते. ग्रंथालय, वाचनकक्ष अथवा वाचनकोपरा यांपैकी काहीही एक असले की ती शाळा या आकड्यात जमा होते. स्वतंत्र दालन आणि प्रशिक्षित ग्रंथपाल असलेली शहरातील शाळा व वर्गाच्या भिंतीला दोरीवर दहा-वीस पुस्तके टांगणारी वाडीवरची शाळा, या दोघींना येथे सारखेच स्थान आहे. आणि त्या पुस्तकांचा शिक्षकाला अध्यापनासाठी कितपत उपयोग होतो, याविषयी तर हा आकडा काहीच बोलत नाही.

शालेय ग्रंथालयाची चर्चा आपल्याकडे बहुधा मुलांच्या वाचनवेडापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शिक्षक हाही ग्रंथालयाचा वाचक आहे, किंबहुना तो पहिला वाचक आहे, याचा विसर पडतो. इयत्ता सहावीच्या वर्गाला हडप्पा संस्कृतीचा पाठ शिकवावयाचा असेल, तर शिक्षकाजवळ एखादा चांगला नकाशा, अवशेषांची चित्रे आणि पाठ्यपुस्तकापलीकडचे दोन संदर्भग्रंथ असावयास हवेत. ते नसतील तर मुलांच्या हाती जे पुस्तक आहे तेच शिक्षकाच्याही हाती राहते, आणि अध्यापन म्हणजे मोठ्याने वाचून दाखविणे, एवढाच अर्थ उरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. प्रशिक्षणाचे तास संपल्यावर वर्षभर ज्या साधनांवर त्याने उभे राहावयाचे, त्यांची तजवीज मात्र त्याच निकडीने झालेली दिसत नाही.

तरतूद आहे, वापर नाही

या बाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. दोन खोल्या आणि दोन शिक्षक यांच्या जोडीला नकाशे, शैक्षणिक साहित्य आणि ग्रंथालयाची पुस्तके यांचाही तीत समावेश होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके पुरविणारे ग्रंथालय असले पाहिजे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. २०१८ मध्ये आलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये इतके ग्रंथालय अनुदान ठेवण्यात आले. अर्थात ही रक्कम मोठी नव्हे. पण दरवर्षी प्रामाणिकपणे खर्च झाली आणि काय घ्यावयाचे हे शिक्षकांनी ठरविले, तर पाच-सात वर्षांत लहान शाळेतही बऱ्यापैकी संग्रह उभा राहू शकतो.

मग अडते कोठे? शाळेत पुस्तक आले की त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. टेबल, खुर्ची, घंटा आणि पुस्तक यांना तेथे एकच न्याय. मुख्याध्यापक बदलून गेले म्हणजे प्रत्येक वस्तू मोजून नव्या मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावयाची. जे कमी भरेल त्याचा जाब जुन्यांनी द्यावयाचा. पुस्तक वाचले गेले म्हणून कोणाची पाठ थोपटली जात नाही. हरवले तर मात्र खुलासा मागितला जातो. अशा स्थितीत शहाणा माणूस जे करील तेच मुख्याध्यापक करतात. ते कपाटाला कुलूप लावतात. यात त्यांचा वाचनद्वेष शोधण्याचे कारण नाही. ज्या व्यवस्थेत वापराचे बक्षीस शून्य आणि हानीचा दंड निश्चित, तेथे वस्तू न वापरणे हाच किफायतशीर व्यवहार ठरतो. मात्र पुस्तकाचे मूल्य त्याच्या जपणुकीत नसून फिरण्यात आहे. वीस वर्षे कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हिशेबात शिल्लक दिसते. प्रत्यक्षात तो पूर्णपणे बुडालेला खर्च असतो.

हे कोडे सोडविण्याचा मार्ग सरकारच्याच नियमांत सापडतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ग्रंथालयातून वर्षभरात दिल्या गेलेल्या अथवा संदर्भासाठी पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानावे, असे आहे. त्यामागे अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसावी आणि एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या किंवा दुर्मीळ पुस्तकांची चौकशी व्हावी, एवढीच अट. या नियमातील शहाणपण असे की, त्यात हानीची मुभा वापराशी जोडलेली आहे. जो अधिक पुस्तके देईल त्याला अधिक सवलत. जो कुलूप लावील त्याला काहीच नाही.

हा नियम ६० पटाच्या, दोन शिक्षकी प्राथमिक शाळेला लावून पाहावा. प्रत्येक मुलाने महिन्याला एक याप्रमाणे दहा महिने पुस्तके नेली, तर ६०० पुस्तकांची देवघेव होईल. त्यांतील तीन पुस्तके गहाळ होणे वाजवी. एका पुस्तकाची किंमत शंभर रुपये धरली, तर नुकसान ३०० रुपयांचे. पाच हजारांच्या वार्षिक अनुदानाचा हा सहा टक्के भाग होय. एवढी झीज सोसण्याची तयारी नसेल, तर उरलेले चौऱ्याण्णव टक्के तरी कशासाठी खर्च करावयाचे?

यंत्र येते, चालविणारा जातो

पुस्तकांची जी कथा तीच तंत्रज्ञानाची. देशातील इंटरनेट जोडणी असलेल्या शाळांचे प्रमाण २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होते. २०२४-२५ च्या अहवालात ते ६३.५ टक्क्यांवर गेले, आणि संगणक असलेल्या शाळा ६४.७ टक्के झाल्या. तीन वर्षांतील ही वाढ नाकारण्याजोगी नाही. परंतु संगणक ही एकदाच खरेदी करून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. वीजबिल, जोडणीचे शुल्क, दुरुस्ती आणि ते चालविणारा जाणता माणूस हा खर्च दर महिन्याचा असतो. आपल्या नियोजनाला भांडवली खर्चाचे आकर्षण फार. आवर्ती खर्चाचे नाव निघताच हात आखडतो. खरेदीचे उद्घाटन करता येते, दुरुस्तीचे करता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. शैक्षणिक चित्रवाणी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली. मराठीतून शालेय विषयांचे दृक्‌श्राव्य साहित्य तयार करणारी अशी दुसरी सार्वजनिक यंत्रणा राज्यात नव्हती. केंद्राच्या अनुदानाचा आधार सुटल्यावर तिचा आवर्ती भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न सुटला नाही आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. पुढे तीनच वर्षांत टाळेबंदीमुळे शाळांची दारे मिटली आणि पडद्यावरून शिकविण्यासाठी मराठी साहित्याची एकाएकी निकड भासली. साधन मोडीत काढताना जी बचत दिसते, तिची खरी किंमत अशी नंतर मोजावी लागते.

यावर असे म्हटले जाईल की, आता सारेच भ्रमणध्वनीवर उपलब्ध असताना शाळेला ग्रंथालय हवेच कशाला? या युक्तिवादात तथ्यांश आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. छापील संचातील एक खंड एका वेळी एकालाच मिळतो; संकेतस्थळावरील नोंद हजारोंनी एकाच क्षणी वाचली, तरी वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे व्यासपीठ चालू आहे, पाठ्यपुस्तकांतील चौकोनी सांकेतिक चिन्हे त्याला जोडलेली आहेत, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकेही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. दुर्गम पाड्यावरील शिक्षकाला हे सारे वरदानच होय.

परंतु दोन गोष्टी नजरेआड करून चालणार नाही. पहिली ही की, हे वरदान शिक्षकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर आणि बहुधा त्याने स्वतःच्या खिशातून भरलेल्या पैशावर उभे आहे. सार्वजनिक सेवेचा हा खासगी खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. माहिती विपुल झाली की दुर्मीळ होतो तो वेळ आणि पारख. दोन वर्ग एकाच वेळी सांभाळून, पोषण आहाराची नोंद ठेवून आणि मागविलेली माहिती वर पाठवून झाल्यावर शिक्षकाजवळ पाठाच्या तयारीला जो अर्धा तास उरतो, तो शेकडो चित्रफिती चाळण्यात जावा काय? प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून तर उत्तर मिळविणे सोपे आणि ते पारखणे अवघड झाले आहे. पारखण्यासाठी विश्वासार्ह ग्रंथ हाताशी लागतो, आणि तो कोठे आहे हे सांगणारा माणूसही लागतो. तंत्रज्ञानाने ग्रंथपालाची गरज संपविलेली नाही, उलट वाढविली आहे.

केंद्रशाळेचा पर्याय

प्रत्येक प्राथमिक शाळेला ग्रंथपाल देणे परवडणार नाही, हे उघड आहे. पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद आज मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळांनाच मिळते. पण एका शाळेला जे परवडत नाही ते दहा-बारा शाळांना मिळून परवडू शकते. केंद्रशाळांची रचना राज्यात अस्तित्वात आहेच. त्या ठिकाणी एक जाणता ग्रंथपाल, शिक्षकांसाठी संदर्भग्रंथांचा संग्रह, एक चालू स्थितीतील संगणक आणि त्याच्या वीजबिलाची तरतूद एवढे झाले, तर ग्रंथपाल विषयवार निवडक साहित्याच्या याद्या करील आणि पुस्तकांच्या पेट्या शाळाशाळांतून फिरवील. ही कल्पना परदेशातून आयात करावयास नको. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञास बोलावून सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात जी ग्रंथालय व्यवस्था उभारली, तिच्यात खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके पाठविणारी फिरती ग्रंथालये होतीच. तेव्हाच्या रस्त्यांवरून जे साधले ते आजच्या रस्त्यांवरून न साधण्याचे कारण नाही.

याला जोडून तीन गोष्टी विनाविलंब व्हावयास हव्यात. वापराच्या प्रमाणात हानी वाजवी मानण्याचा नियम शाळांच्या ग्रंथसंग्रहाला निःसंदिग्ध शब्दांत लागू व्हावा. साधनांच्या प्रत्येक खरेदीबरोबर निदान पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम मंजूर व्हावी आणि निवडीत शिक्षकांचा शब्द अखेरचा असावा. आणि माहितीच्या तक्त्यात ग्रंथालय आहे की नाही, एवढ्यावर न थांबता वर्षभरात किती पुस्तके बाहेर गेली आणि त्यांतील किती शिक्षकांनी नेली, हे विचारले जावे. जे मोजले जाते तेच शासनयंत्रणेत घडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

इंग्रजी माध्यमाची, भरपूर शुल्क घेणारी शाळा आपल्या शिक्षकाला ही साधने देऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला ती मिळाली नाहीत, तर त्याची किंमत तो मोजीत नाही. समोर बसलेले शेतमजुराचे मूल मोजते. त्या मुलाच्या घरी पुस्तक नाही आणि शाळेत आहे ते कपाटात आहे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असली, तरी कुलूप लावणारा हात नियमांचा आहे. तो नियम बदलण्यास मोठा पैसा लागत नाही. तीन पुस्तके हरवली तरी चालतील, एवढे म्हणण्याचे धैर्य लागते.