आधी रोख, मग मार्गदर्शन

शहापूर-मुरबाडकडे मदत घेऊन येणाऱ्या मंडळींना एक विनंती. शिलाई मशीन वाटण्याआधी, त्यावर शिवलेलं विकत कोण घेणार एवढं विचारा. नाहीतर वाटपाचा फोटो भिंतीवर लागतो आणि मशीन माळ्यावर जातं.

इथल्या कातकरी आदिवासीला रानातलं आपण काय शिकवणार? कुठली वेल कधी काढायची, कुठला कंद कसा उकडायचा, हे त्याला लहानपणापासून येतं. त्याचं अडतं ते पैशाच्या वेळेवर. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो. मग भट्टीवाल्याचा माणूस पाड्यावर येतो, उचल देतो, आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट सगळं कुटुंब वीटभट्टीवर. उन्हाळा सरेपर्यंत विटा पाडूनही ती उचल काही फिटत नाही. संध्याकाळच्या तेलमिठाची ज्याला चिंता, त्याला रानातला माल घेणाऱ्याने ‘कंपनीचं बिल निघालं की देतो’ सांगून भागत नाही. भट्टीवाला निदान रोख तरी देतो!

म्हणूनच शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेचं काम पाहण्यासारखं आहे. कातकरी तरुण गुळवेल गोळा करून विकू लागले, पुढे २०१८ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या वन धन योजनेशी जोडले गेले. कोरोनात गुळवेलीला मागणी आली आणि हिमालय, डाबर अशा कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांचं काम मिळालं. आकडा मोठा, म्हणून सगळे तोच सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. योजनेच्या भांडवलातून, वेल आणून टाकणाऱ्याला लगेच पैसे देता आले. कंपनीचे पैसे मागाहून येवोत, वाट संस्था बघेल, मजूर नाही.

गुळवेल तोडायची तीही बुंधा राखून, म्हणजे ती पुन्हा फुटते. मग तुकडे करायचे, वाळवायचे. वाळल्यावर वजन पार उतरतं, आणि ओल राहिली तर बुरशी धरून माल परत येतो. म्हणजे काटा हवा, वाळवायला जागा हवी, कोरडं गोदाम हवं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला. गोदाम काही दिलं नाही.

तेव्हा कल्याण-ठाण्याच्या एखाद्या लहानशा ट्रस्टने शिबिराच्या मांडवाचा आणि जेवणावळीचा खर्च वाचवून तो पाड्यावरच्या एखाद्या गटाला फिरतं भांडवल म्हणून द्यावा. हिशेब जरूर मागावा, पण पैसे हंगामाच्या आधी द्यावेत. सगळा भार एका गुळवेलीवरही नको. साथ ओसरली की मागणीही ओसरते. जांभूळ आहे, मोह आहे, रानभाज्या आहेत.

ट्रस्ट नसलेल्यांनाही करण्यासारखं आहे. मुंबईच्या नळाचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसा धरणाचं, म्हणजे शहापूर तालुक्यातलं. कसारा लोकलने पहाटे टोपली घेऊन येणाऱ्या बाईशी शेवळाच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करताना तेवढं आठवावं. सोसायटीतल्या दहा घरांनी पावसाळाभर एकाच गटाकडून ठरलेल्या दिवशी भाजी घेतली, तर त्या गटाला हक्काचं गिऱ्हाईक मिळतं.

आणि जे काही करायचं ते यंदा गणपतीच्या आत करा. भट्टीवाल्याचा माणूस उचल घेऊन पाड्यावर यायच्या आधी तुम्ही तिथे पोचलं पाहिजे.