मुलाचा ताप उतरत नाही आणि प्लेटलेट वाढल्यात? सुटकेचा निःश्वास टाकू नका

अंधेरी असो की मुलुंड, पावसाळ्यात मुलाला ताप आला की सीबीसीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि घरातले सगळे एकच आकडा शोधतात: प्लेटलेट. दीड लाखाच्या खाली असल्या की डेंग्यूची धास्ती, वर असल्या की हुश्श.

कावासाकी आजारात हाच हुश्श महागात पडू शकतो. प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होणाऱ्या या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते आणि दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट बहुधा साडेचार लाखांच्याही वर जातात. उपचार न मिळालेल्या सुमारे २५ टक्के मुलांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या फुगतात. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये ५० रुग्णांच्या नोंदी मांडल्या. मुंबईकरांच्या कानावर हे नाव आलं ते मुख्यतः २०२० मध्ये, कोरोनानंतर मुलांना होणाऱ्या एमआयएस-सीमुळे.

पाच दिवस ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, सुजलेले हात-पाय, मानेला गाठ ही ओळखीची लक्षणं. तान्ह्या बाळांत ती सगळी दिसतातच असं नाही. तिथे रक्ततपासणी कामी येते.

पण आकडे वाचताना घोळ होतो. अशा अर्धवट लक्षणांच्या मुलांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सीआरपीची ३ ही मर्यादा दिली. ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर एकक असतं मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे तिथे तोच आकडा ३०. एकक न बघता गुगल करणाऱ्या पालकांनो, सांभाळून! (इंजिनीअरिंगला याच चुकीचे मार्क कापले जायचे.)

त्याहून मोठी मेख तारखेची. जपानमधल्या २००६ च्या कोबायाशी स्कोअरमध्ये सोडियम, न्यूट्रोफिल, सीआरपी, यकृताचं एन्झाइम, वय वगैरेंना गुण आहेत. नेहमीच्या उपचाराला कोणतं मूल दाद देणार नाही, म्हणजेच कुणाच्या धमन्यांना जास्त धोका, याचा हा अंदाज. त्यात प्लेटलेट तीन लाख किंवा कमी असल्या तर धोक्याचा गुण मिळतो! सुरुवातीला कमी वाईट, पुढे जास्त हे आजाराचं लक्षण. तापाचा दिवस माहीत नसेल तर आकडा मुका आहे. शिवाय जपानबाहेर हा स्कोअर तितका चालत नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. कावासाकीचा संशय असेल तर ‘रक्त ठीक आहे’ म्हणून टूडी इको पुढे ढकलू नये. तोही लहान मुलांच्या धमन्या मोजायची सवय असलेल्या डॉक्टरकडेच करावा, कारण माप मुलाच्या उंची-वजनाशी ताडून बघावं लागतं. पहिला इको नॉर्मल आला तरी पुढच्या आठवड्यांत तो पुन्हा करतात.

उपचार आहे: आयव्हीआयजी, किलोमागे २ ग्रॅम, शक्यतो तापाच्या १० दिवसांच्या आत. त्याने धमन्या फुगण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं. दहा किलोच्या बाळाला २० ग्रॅम लागतं आणि औषध महाग आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यातही दिवस जातात. ओपीडीला निघण्याआधी फाइलच्या पहिल्या पानावर ताप सुरू झाल्याची तारीख ठळक लिहा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल.